चाळीसगावचा टांगा आणि आजचा प्लॉट

"आता घर घेताना फक्त पैसा बोलतो, जात नाही." हे वाक्य आपल्या शिकलेल्या तरुणांच्या तोंडीही ऐकू येते. नोकरी आहे, बँक कर्ज द्यायला तयार आहे, मग जात आली कुठून?

मी जळगाव-धुळे पट्ट्यात प्लॉट आणि घरांचे व्यवहार जुळवून देण्याचे काम करतो. या धंद्यात भावाच्याही आधी एक प्रश्न येतो : "पार्टी कोण आहे?" पार्टीकडे पैसे आहेत का, हे त्याला विचारायचे नसते. आडनाव काय, हे विचारायचे असते. आडनाव कळले की घर "कालच दिले" जाते, नाहीतर मालकाचा पुण्याचा भाऊ अचानक "नाही म्हणतो", नाहीतर भाव एकदम चढतो. जातीचे नाव घेऊन नकार कुणीच देत नाही. म्हणून तो सिद्ध होत नाही आणि म्हणूनच "जात संपली" असे म्हणता येते. हा नकार ओळखायचा असेल तर त्याचा इतिहास माहीत हवा. तो इतिहास आपल्या खानदेशातच घडला आहे.

सन १९२९. अस्पृश्यांच्या तक्रारींच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे बाबासाहेब सदस्य होते. धुळे मार्गावरच्या एका गावात सवर्णांनी अस्पृश्यांवर बहिष्कार घातला होता. त्याची माहिती घेऊन ते चाळीसगावला परतले. तिथल्या आपल्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला होता. स्टेशनाबाहेर भाड्याचे टांगे उभे होते, पण महाराला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी तडजोड झाली : टांगा मालकाचा, हाकणारा आपला माणूस. त्या माणसाने कधी टांगा हाकलेला नव्हता. नदीवरच्या मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा-टांगा खाली नदीत गेला. बाबासाहेबांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये स्वतः लिहून ठेवला आहे.

टांगेवाल्याचा जातीय माज दाखवायला आपण हा प्रसंग सांगतो आणि ते बरोबरच आहे. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. महारवाडा होता कुठे? स्टेशनापासून दूर, नदी ओलांडून. प्लॉट विकताना आम्ही ज्याला 'लोकेशन' म्हणतो, ते जातीने आधीच ठरवून ठेवले होते. घराचा भाव विटा-सिमेंटने कमी आणि जागेने जास्त ठरतो. म्हणजे आपल्या आजोबा-पणजोबांच्या घराची किंमत ते बांधण्याआधीच पाडून ठेवलेली होती.

दुसरी बाजूही पाहा. १८१९ साली कॅप्टन ब्रिग्जने धुळ्याला खानदेशच्या कारभाराचे ठाणे केले. नवे शहर वसावे म्हणून व्यापारी आणि इतरांना घरासाठी जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या गेल्या, पक्की घरे बांधायला आगाऊ रकमाही दिल्या गेल्या. आरक्षणाला 'फुकटचे' म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे : आपल्याच जिल्ह्यातल्या मोक्याच्या मालमत्तांची सुरुवात सरकारच्या फुकट जागेतून आणि सरकारी उचलीतून झालेली आहे. ही सवलत कागदोपत्री कुणालाच बंद नव्हती, असे क्षणभर धरू. पण रात्रंदिवस गावकीला आणि सरकारी कामाला जुंपलेला महार गाव सोडून शहरात प्लॉट घ्यायला येणार तरी कसा? त्याला गावाशी बांधून ठेवणारा दोर होता वतन.

१८७४ च्या वंशपरंपरागत हुद्द्यांच्या कायद्याने हा दोर आणखी पक्का केला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात दुरुस्ती विधेयक मांडले ते यासाठीच. वतनाची तुटपुंजी जमीन म्हणजे मालकी नव्हे, ती वेठीची किंमत आहे, हे त्यांनी ओळखले होते. अखेर १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गाव वतने रद्द झाली. जमीन परत मिळाली, पण नव्या शर्तीवर : जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता येणार नाही.

ही अट आपली जमीन वाचवते, हे खरे. पण व्यवहारात काय होते? शहर वाढत वाढत वतनाच्या जमिनीपर्यंत येते. मग कुणीतरी 'शेठ' घरी येतो. अडचण असते मुलीच्या लग्नाची किंवा दवाखान्याची. साध्या इसार पावतीवर नाहीतर कुलमुखत्यारपत्रावर सही होते, ताबा जातो. शर्तीची जमीन म्हणून आपल्याला मातीमोल भाव मिळतो. पुढे परवानग्या आणणारा मात्र तीच जमीन चौरस फुटाने विकतो. त्या लेआउटमध्ये मूळ मालकाचा नातू प्लॉट पाहायला गेला की त्याला विचारतात, "पार्टी कोण आहे?"

१९५९ साली दादासाहेब गायकवाडांनी खानदेश-मराठवाड्यात भूमिहीनांचा सत्याग्रह उभा केला. ६ डिसेंबर १९६४ पासून तो लढा देशभर पेटला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. जमिनीसाठी तुरुंगात गेलेल्यांची आपण लेकरे-नातवंडे. ती जमीन एका सहीने जाऊ देण्याचा अधिकार आपल्याला आहे का?

काही जण म्हणतात, "कशाला त्यांच्या कॉलनीत जायचे? बाबासाहेबांनीच स्वतंत्र वसाहती मागितल्या होत्या." मागितल्या होत्या, हे खरे आहे. १९४२ च्या नागपूर परिषदेत आणि १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये ती मागणी आहे. पण ती कसली होती? सरकारने जमीन द्यावी, आपली शेती असावी, पोटासाठी सवर्णांच्या दाराशी जावे लागू नये. नाल्याकाठी, उतारा नसलेल्या जागेत दाटीवाटीने राहण्याची ती मागणी नव्हती. आणि याच बाबासाहेबांनी 'राजगृह' कुठे बांधले? दादरच्या हिंदू कॉलनीत. कुठे राहायचे हे आपण ठरवू, दुसऱ्याने नाही, हा या दोन्हींचा अर्थ आहे. निवडीने केलेली वस्ती आणि नकारातून झालेली वस्ती एक नसते.

सरकारी घरकुलांचे काय झाले, हेही जळगावकरांना सांगायला नको. जळगाव नगरपालिकेने गरिबांसाठी ११ हजारांहून अधिक घरकुले बांधायचे ठरवले. थोडीच पूर्ण झाली. ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने या प्रकरणात ४८ जणांना दोषी ठरवले, त्यावर अपिले झाली. खटला चालतो, अपिले चालतात. ज्याला घर मिळायचे होते तो मात्र अजून पत्र्याखाली. डिसेंबर २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय काढला. निर्णय चांगलाच आहे. पण पाटी बदलली म्हणून वस्ती नदीच्या अलीकडे येत नाही.

हे फक्त आपल्याकडेच घडले असे नाही. अमेरिकेतल्या घर-दलालांच्या राष्ट्रीय संघटनेने १९२४ च्या आपल्या आचारसंहितेतच लिहिले होते की, ज्यांच्या येण्याने वस्तीतले भाव पडतील अशा वंशाच्या लोकांना दलालाने तिथे आणू नये. कृष्णवर्णीयांच्या लढ्यानंतर १९६८ साली घरांमधल्या भेदभावाविरुद्ध कायदा झाला. २०२० मध्ये त्या संघटनेने जाहीर माफी मागितली. आपल्याकडे असे काही लिहावे लागले नाही. "पार्टी कोण आहे?" एवढे पुरते.

आणि कायदा? तो आपल्याकडे अमेरिकेच्या १३ वर्षे आधी आला! १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याच्या कलम ४ नुसार अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणत्याही वस्तीत घर बांधायला, घ्यायला किंवा राहायला आडकाठी करणे हा गुन्हा आहे. कलम १२ तर सांगते की, अन्याय झालेली व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेच्या कारणानेच झाले असे न्यायालय गृहीत धरेल. तसे नव्हते, हे सिद्ध करायची जबाबदारी समोरच्यावर. मात्र २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने पारशी गृहनिर्माण संस्थेला आपल्याच समाजापुरते सभासदत्व ठेवायची मुभा दिली. 'आपल्या लोकांची सोसायटी' म्हणणाऱ्यांच्या हाती त्यामुळे एक आधार आला, हेही लक्षात ठेवा.

मग करायचे काय? एक, वतनाच्या जमिनीवर वकिलाला दाखवल्याशिवाय इसार किंवा मुखत्यारपत्र करू नका. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी अशा जमिनींच्या सातबाऱ्यांची यादी करावी. दोन, घर नाकारले गेले तर मालकाचे, दलालाचे मेसेज आणि तारखा जपून ठेवा. आधी "मोकळे आहे" आणि आडनाव कळल्यावर "दिले" हाच पुरावा असतो. तीन, आपल्या तरुणांनी या धंद्यात यावे. व्यवहाराच्या टेबलावर आपला माणूस बसला तर तो प्रश्न निदान तोंडावर विचारायची हिंमत होणार नाही.

चाळीसगावात टांगा दुसऱ्याचा होता आणि लगाम धरायचा सराव आपल्याला कुणी होऊ दिला नव्हता, म्हणून बाबासाहेबांचा पाय मोडला. आज कागद वाचायचा, भाव करायचा, कायदा वापरायचा सराव आपणच करायचा आहे.

जयभीम!