कात्री न लावता अडवलेली फिल्म

परवा भोपाळवर चार ओळी टाकल्या होत्या. त्याखाली एका वाचकांनी विचारलं, "त्या माहितीपटावर बंदी होती म्हणता, मग बंदीचा आदेश कुठाय?" प्रश्न रास्त आहे. बंदीचा आदेश नव्हताच. सेन्सॉरनं फिल्मला 'यू' सर्टिफिकेट दिलं होतं, म्हणजे लहान पोरांनी बघितली तरी हरकत नाही. सरकारनंच तिला सुवर्णकमळही दिलं. आणि त्याच सरकारनं ती लोकांना दाखवायला नकार दिला. हे कसं जमवलं ते सविस्तर सांगायला हवं. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

फिल्मचं नाव 'भोपाळ : बियॉन्ड जेनोसाइड'. केली तपन बोस, सुहासिनी मुळे आणि त्यांच्या साथीदारांनी. सुहासिनी मुळे म्हणजे 'भुवन शोम'ची नायिका, आणि आपल्यापैकी बहुतेकांना आठवत असेल ती 'लगान'मधली भुवनची आई. त्यांच्या आई विजया मुळे यासुद्धा फिल्मवाल्याच. 'एक अनेक और एकता' ही लहान मुलांची कार्टून फिल्म त्यांची. ती दूरदर्शनवर इतक्यांदा लागायची की माझ्या वयाच्या लोकांना आजही तोंडपाठ आहे. आईची फिल्म येता-जाता लावणाऱ्या दूरदर्शननं लेकीची फिल्म मात्र दारातच अडवली.

आता कारखान्याबद्दल, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

युनियन कार्बाइडच्या भोपाळच्या कारखान्यात सेव्हिन नावाचं कीटकनाशक बनायचं. त्यासाठी मिथाइल आयसोसायनेट लागायचं, कामगारांच्या भाषेत 'मिक'. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री ६१० नंबरच्या टाकीत पाणी गेलं, आतलं रसायन उकळलं आणि सुमारे ४० टन विषारी वायू झोपलेल्या शहरावर पसरला. टाकी थंड ठेवणारी यंत्रणा काही महिन्यांपूर्वीच बंद केलेली होती. सुटलेला वायू जाळायचा मनोरा दुरुस्तीसाठी तोडून ठेवलेला होता. वायू धुऊन काढणारा स्क्रबर वापरात नव्हता. खर्च कमी करायचा म्हणून त्या विभागातल्या पाळीतले ऑपरेटर बाराचे सहा केलेले. सरकारनं सुरुवातीला सांगितलेला मृतांचा आकडा २,२५९ होता, पुढे राज्य सरकारनं तो ३,७८७ केला. कित्येक हजार लोक त्यानंतरही वर्षानुवर्षं मरत राहिले.

हे अचानक घडलं असं म्हणायची सोय नाही. डिसेंबर १९८१ मध्ये फॉस्जीन अंगावर उडून एक कामगार गेला होता. पुढच्याच वर्षी गळतीनं आणखी वीस-पंचवीस जणांना त्रास झाला. युनियननं पोस्टरं लावली, उपोषणं केली. राजकुमार केसवानी नावाचा भोपाळचा पत्रकार १९८२ साली आपल्या 'रपट' या छोट्या साप्ताहिकातून ओरडून सांगत होता की हे शहर ज्वालामुखीच्या तोंडावर बसलंय. कुणी लक्ष दिलं नाही. विधानसभेत विषय निघाला तेव्हा कामगारमंत्र्यांचं उत्तर अशा अर्थाचं होतं की पंचवीस कोटींचा कारखाना हा काही दगड नव्हे, इथून उचलला आणि तिथं ठेवला. (केसवानी २०२१ च्या मे महिन्यात कोविडनं गेले. तालुक्याच्या गावी साप्ताहिक चालवणाऱ्या प्रत्येकानं त्यांचा फोटो लावावा, असं मला वाटतं.)

तर फिल्म तयार झाली, सर्टिफिकेट मिळालं, १९८७ सालची सर्वोत्तम नॉन-फीचर फिल्म म्हणून सुवर्णकमळही मिळालं. बक्षीस समारंभात माहिती व नभोवाणी मंत्र्यांनी जाहीर केलं की बक्षीस मिळालेल्या लघुपटांचं दूरदर्शनवर प्रसारण होईल. त्यावर विसंबून फिल्मवाल्यांनी कॅसेट पाठवली.

त्या काळातलं दूरदर्शन म्हणजे काय, हे आजच्या पोरांना सांगावं लागेल. दुसरा चॅनेलच नव्हता. रविवारी सकाळी 'रामायण' लागलं की आमच्या गल्लीत चिटपाखरू दिसायचं नाही. टीव्ही एका घरात आणि माणसं वीस घरांची. दूरदर्शन तेव्हा सरळ सरळ सरकारी खातं होतं, प्रसारभारती वगैरे नंतरचं. थेटरात माहितीपट कोण लावतो? त्यामुळे दूरदर्शननं नाही म्हटलं की देशानं ती बघायची नाही, एवढा साधा हिशोब. म्हणून म्हणतो, बंदीचा कागद शोधत बसू नका.

दूरदर्शननं नकाराची जी कारणं दिली ती कोर्टाच्या निकालपत्रात नोंदलेली आहेत. फिल्म जुनी झाली आहे. तिची प्रस्तुतता संपली आहे. तिच्यात संयम नाही. ती समतोल नाही. राजकीय पक्ष या दुर्घटनेवरून वेगवेगळे मुद्दे उपस्थित करताहेत. भरपाईचे दावे न्यायप्रविष्ट आहेत. आधीच तापलेल्या वातावरणात गडबड होईल. आणि फिल्ममध्ये राज्य सरकारवर टीका आहे.

माझ्या मते शेवटचं कारण खरं आणि बाकीची त्याच्यासोबत आलेली वऱ्हाडी मंडळी. पण वऱ्हाडातल्या एकेकाची ओळख करून घेण्यासारखी आहे.

'न्यायप्रविष्ट' घ्या. १९८५ मध्ये केंद्र सरकारनं खास कायदा करून सगळ्या भोपाळ पीडितांच्या वतीनं दावा लढवायचा हक्क स्वतःकडे घेतला. म्हणजे फिर्यादी कोण, तर भारत सरकार. दावा होता ३३० कोटी डॉलर्सचा. आणि फिर्यादीच म्हणतोय की आमच्या अशिलांचं दुखणं टीव्हीवर दाखवू नका, आमची केस चालू आहे! त्यात युनियन कार्बाइडच्या भारतीय कंपनीत सरकारी वित्तसंस्थांचेही शेअर होते, आणि कारखान्यावर देखरेख ठेवायचं काम राज्य सरकारच्या खात्यांचं होतं. चौकशी नीट झाली असती तर बोट कुठं कुठं गेलं असतं, याचा अंदाज कुणालाही यावा.

मग 'समतोल'. या शब्दाशी माझी जुनी ओळख आहे. एका दैनिकात होतो तेव्हा कारखान्यातल्या अपघाताची बातमी दिली की वरून फोन यायचा, "कंपनीची बाजू घेतली का?" कंपनीचा माणूस चार दिवस फोन उचलायचा नाही. पाचव्या दिवशी वरून निरोप यायचा, बातमी शिळी झाली, सोडून दे. समतोल आणि शिळेपणा हे दोन जुळे भाऊ आहेत, पहिला दार अडवून उभा राहतो तोवर दुसरा मोठा होतो. दूरदर्शनच्या यादीत दोघेही आहेत बघा.

आणि त्याच काळात दुसरी बाजू गप्प बसली होती का? अजिबात नाही. मे १९८८ मध्ये कंपनीनं नेमलेल्या अमेरिकी सल्लागार संस्थेचा निष्कर्ष जगापुढे मांडला गेला. तो असा की, कुणा नाराज कामगारानं मुद्दाम टाकीला पाण्याची नळी जोडली. घातपात! बंद पडलेली यंत्रणा, निम्मे केलेले कामगार, तोडून ठेवलेला मनोरा, हे सगळं मागे पडलं आणि दोष पाळीवरच्या माणसावर. कामगारांचं म्हणणं वेगळं होतं. पाइप धुताना पाणी आत शिरलं आणि ते अडवायची लोखंडी चकती बसवलेलीच नव्हती, असं ते सांगत होते. पण कंपनीकडे सल्लागार, वकील आणि जगभरचे पत्रकार. कामगारांकडे काय होतं? ज्या एका पडद्यावरून त्यांचं आणि त्यांच्या वस्त्यांचं दुःख घराघरांत गेलं असतं, तो पडदा सरकारच्या ताब्यात, आणि सरकार म्हणतंय समतोल नाही.

फिल्मवाले कोर्टात गेले. दिल्ली उच्च न्यायालयानं फिल्म दाखवा असा आदेश दिला. वेळ आणि तारीख दूरदर्शननं आपल्या सोयीनं ठरवावी, एवढी मुभाही दिली. सरकारनं ते न मानता सर्वोच्च न्यायालय गाठलं.

तिथला निकाल २२ जुलै १९९२ चा, लिहिला न्यायमूर्ती ए. एम. अहमदी यांनी. पत्रकारितेच्या पदविकेला हा निकाल आम्हाला होता, पण नोट्समध्ये नाव 'एलआयसी विरुद्ध मनुभाई शाह'. भोपाळचा त्यात पत्ताच नाही. झालं होतं असं की अहमदाबादच्या प्रा. मनुभाई शाहांनी एलआयसीवर टीका करणारा एक निबंध लिहिला, एलआयसीनं त्याला दिलेलं उत्तर आपल्या 'योगक्षेम' मासिकात छापलं आणि शाहांचं प्रत्युत्तर छापायला नकार दिला. सरकारी पैशावर चालणारं मासिक एकच बाजू छापणार का, हा तिथला प्रश्न. दोन्ही प्रकरणं एकत्र निकालात निघाली आणि फिल्म एलआयसीच्या नावाखाली गेली.

कोर्टानं काय म्हटलं? प्रत्येकाची प्रत्येक फिल्म दाखवायला दूरदर्शन बांधील नाही, निवड करायचा अधिकार आहे. पण नकाराची कारणं घटनेत बसणारी असली पाहिजेत आणि तशी ती आहेत हे सरकारनं दाखवायचं, फिल्मवाल्यानं नव्हे. राज्य सरकारवर टीका आहे हे कारण होऊ शकत नाही. दावे प्रलंबित आहेत हेही नाही. त्या रात्रीच्या घटना फिल्ममध्ये प्रामाणिकपणे आल्या आहेत, हे तर मान्यच होतं. अपील फेटाळलं.

छान निकाल आहे, आजही कामाला येतो. आनंद पटवर्धनांच्या 'फादर, सन अँड होली वॉर'साठी दूरदर्शनविरुद्धची लढाई २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जिंकली गेली, ती याच वाटेनं. पण ती फिल्म होती १९९५ ची. अकरा वर्षं!

भोपाळच्या फिल्मचंही तारखा लावून बघा. दूरदर्शन नाही म्हणत होतं त्या काळात, १४ फेब्रुवारी १९८९ ला, सरकारनं कंपनीशी तडजोड केली. मागितले होते ३३० कोटी डॉलर्स, घेतले ४७ कोटी. पीडितांना कुणी विचारलं नाही. भोपाळच्या बायका दिल्लीत येऊन कोर्टाबाहेर ओरडल्या तेव्हा बाकीच्या देशाला कळेना की या बायांना आता आणखी काय हवंय, पैसे तर मिळाले. कळणार कसं? ज्या दोन वर्षांत देशानं ती फिल्म बघायला हवी होती त्याच दोन वर्षांत ती 'जुनी' ठरवून ठेवली होती. १९९२ चा निकाल आला तेव्हा तडजोडीला तीन वर्षं झाली होती, आणि अडीच महिन्यांनी झी टीव्ही सुरू झाला. दूरदर्शन दाखवतं की नाही, याला आता कोण विचारतो अशी वेळ येऊ घातली होती.

एक गोष्ट राहिली. फिल्मच्या बाजूनं निकाल लिहिणारे अहमदी पुढे सरन्यायाधीश झाले. १३ सप्टेंबर १९९६ ला त्यांच्याच खंडपीठानं कंपनीच्या भारतीय अधिकाऱ्यांवरचा सदोष मनुष्यवधाचा आरोप काढून निष्काळजीपणाचं कलम ३०४-अ ठेवलं. त्याला जास्तीत जास्त शिक्षा दोन वर्षं. ७ जून २०१० ला भोपाळच्या कोर्टानं ती दोन वर्षं सुनावली आणि आरोपी त्याच दिवशी जामिनावर घरी गेले.

कालपासून इनबॉक्समध्ये तिघांनी लिहिलंय की ते लोटे, तारापूर आणि महाडच्या एमआयडीसीत पाळ्या करून आलेत आणि सांगण्यासारखं बरंच आहे. जरूर सांगा. आपल्या भागातल्या केमिकल कारखान्यांत काम केलेल्या इतरांनीही लिहा, गळती, अपघात, बंद पडलेला अलार्म, जे बघितलं असेल ते. साल आणि पाळी आठवत असेल तर तीही लिहा. नाव छापणार नाही. फोनवर सांगणार असाल तर रात्री नऊनंतर करा, तोवर मी बातम्यांत असतो.