कोरपना परिसरातील बांबूकाम आणि स्त्रिया : परंपरा, खंड व पुनरुज्जीवन

गोषवारा

चंद्रपूर व गडचिरोली या वनजिल्ह्यांत बांबूपासून टोपल्या, सुपे व तट्टे विणण्याची परंपरा प्रामुख्याने कोलाम जमातीत व बुरूड समाजात आढळते. या कामात स्त्रियांचा वाटा मोठा असूनही इतिहासलेखनात त्याची नोंद त्रोटकच राहिली. विसाव्या शतकात या कलेला उतरती कळा लागली, ती कारागिरांचे कौशल्य लोपल्यामुळे, असे सामान्यतः मानले जाते. प्रस्तुत लेखात वनकायदे, प्रादेशिक इतिहास आणि २००६ नंतरच्या वनहक्कविषयक घडामोडी यांच्या आधारे निराळे मत मांडले आहे. या ऱ्हासाचे एक मुख्य कारण कच्च्या मालावरील हक्क गमावणे हे होते. त्यामुळे पुनरुज्जीवनाचा विचारही प्रशिक्षणाइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, बांबूवरील हक्काच्या अंगाने व्हावयास हवा.

बीजशब्द : बांबूकाम, कोलाम, बुरूड, स्त्रीश्रम, वनहक्क, कोरपना

प्रस्तावना

कोरपना हा चंद्रपूर जिल्ह्याच्या नैर्ऋत्येकडील, तेलंगणाच्या सीमेलगतचा तालुका आहे. माणिकगडच्या डोंगररांगा, त्यांतील गोंड व कोलामांचे गुडे आणि गडचांदूर-आवारपूर पट्ट्यातील चुनखडीच्या खाणी व सिमेंटचे कारखाने ही या परिसराची ओळख होय. हा भाग पूर्वी राजुरा तालुक्यात मोडत असे आणि राजुरा हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील आदिलाबाद जिल्ह्याचा भाग होता. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा तालुका मुंबई राज्यातील नांदेड जिल्ह्यास जोडला गेला व १९५९ मध्ये तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात आला. पुढे त्याचे विभाजन होऊन कोरपना व जिवती हे तालुके निर्माण झाले. अल्पावधीत राज्य बदलले, जिल्हा बदलला आणि जंगलाचा कारभार पाहणारी यंत्रणाही बदलली. डोंगरातील बांबू मात्र तोच राहिला आणि त्याच्यावर उपजीविका करणारी माणसेही तीच राहिली. म्हणूनच बांबूकामाचा इतिहास हा एका हस्तकलेपुरता मर्यादित राहत नाही. जंगल कोणाचे, या प्रश्नाचाही तो इतिहास ठरतो.

बांबूकामाच्या दोन परंपरा

या परिसरात बांबूकामाच्या दोन परंपरा शेजारी शेजारी नांदत आल्या आहेत. पहिली बुरूड समाजाची. रसेल व हिरालाल यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात बसोर, बांसफोड व बुरूड यांची नोंद एकत्र, बांबूकाम करणारी जात म्हणून केली आहे. त्यांपैकी बुरूड हे नाव मराठी मुलखातील असल्याचेही तेथे नमूद आहे. महाराष्ट्रात हा समाज अनुसूचित जातींच्या यादीत समाविष्ट आहे. बाराव्या शतकातील शरण केतय्या यांना तो आपले आराध्य मानतो. बुरुडांची वस्ती मुख्यतः बाजारपेठेच्या गावांत असते व त्यांचा माल आठवडी बाजारात विकला जातो.

दुसरी परंपरा कोलामांची. महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तीन जमातींना विशेष असुरक्षित आदिवासी गट म्हणून मान्यता आहे. कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा असून एमेनो यांनी १९५५ मध्ये तिचे सविस्तर व्याकरण प्रसिद्ध केले. डोंगरउतारावरील फिरत्या शेतीबरोबर टोपल्या व तट्टे विणणे हा कोलामांचा जोडधंदा होता. सपाटीवरील गोंड व इतर शेतकऱ्यांना टोपल्या देऊन त्याबदल्यात धान्य घेतले जाई. बुरूड कारागीर बांबू विकत घेऊन विणत असत, तर कोलाम तो जंगलातून आणून विणत. हा भेद पुढील इतिहास समजून घेण्यासाठी महत्त्वाचा आहे.

दोन्ही परंपरांत काम कुटुंबाने मिळून करावयाचे असे. बांबू तोडणे व वाहून आणणे हे बहुधा पुरुषांकडे, तर विणकामाचा मोठा भाग स्त्रियांकडे. घरातील अन्य कामे सांभाळून, अंगणात बसून, मुलींना सोबत घेऊन हे काम चाले. ते घरात होत असल्यामुळे त्याची गणना घरकामातच झाली. जातीच्या नावाने धंद्याची नोंद झाली, पण विणणारे हात कोणाचे, हा प्रश्न नोंद करणाऱ्यांना क्वचितच पडला.

या श्रमामागील ज्ञान साधे नव्हते. येथील जंगलात मानवेल जातीचा बांबू विपुल आहे. एका वर्षाचा कोवळा बांबू विणकामास घेतला तर त्याला लवकर कीड लागते. फार जून झालेला बांबू नीट चिरत नाही. दोन-तीन वर्षांचा, ओलसर बांबू सर्वांत योग्य. तो कोयत्याने उभा चिरून त्याच्या कमच्या काढतात. बाहेरील हिरव्या सालीच्या कमच्या चिवट असतात. त्या काठासाठी व टोपलीच्या मुख्य आधारासाठी राखतात. आतील मऊ भाग भरणीच्या विणीस वापरतात. टोपलीची वीण बुडापासून सुरू होते. कमच्या चक्राकार मांडून त्यांच्यात दुसऱ्या कमच्या खाली-वर गुंफत नेतात, मग त्या वर वळवून भिंत उभी करतात व शेवटी काठ बांधतात. सूप विणणे याहून अवघड. त्याची वीण इतकी घट्ट हवी की पाखडताना दाणा गळू नये आणि ते इतके हलके हवे की तासन्‌तास हातात धरता यावे. चुलीच्या धुराने काळवंडलेली टोपली अधिक टिकते, हेही अनुभवाने ठाऊक झालेले ज्ञान होय.

या वस्तूंवाचून शेतकऱ्याचे घर चालत नसे. पेरणीला टोपली, खळ्यावर सूप, धान्य साठविण्यास शेणाने लिंपलेली ढोली, घराच्या कुडाला तट्टे, कोंबड्यांना खुराडे. विवाहातील झाल या विधीत बांबूच्या टोपलीत दिवे ठेवून ती वरपक्षाच्या वडीलधाऱ्यांच्या मस्तकी धरतात. अंत्ययात्रेची तिरडीही बांबूचीच असते. जन्मापासून मृत्यूपर्यंत समाज ज्यांच्या हातच्या वस्तू वापरत होता, त्या हातांना मात्र समाजात मानाचे स्थान नव्हते, हा विरोधाभास नोंदविणे आवश्यक आहे.

कायद्याने पडलेला खंड

ब्रिटिश अमलाखालील चांदा जिल्ह्यात १८७८ च्या वनकायद्यानंतर राखीव जंगलांची व्यवस्था दृढ झाली. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाच्या कलम २(७) मध्ये वृक्षाच्या व्याख्येत बांबूचा समावेश करण्यात आला. वनस्पतिशास्त्रानुसार बांबू हे गवत आहे. कायद्याने त्याला वृक्ष ठरविले. या एका शब्दाचे परिणाम दूरगामी झाले. बांबू तोडणे व वाहून नेणे यासाठी परवाना आवश्यक झाला आणि विणकामासाठी दोन बांबू आणणारी व्यक्तीही अपराधी ठरू शकली.

संस्थानी भागातील स्थिती वेगळी नव्हती. आदिलाबाद जिल्ह्यात जंगले राखीव करताना अनेक गोंड व कोलाम वस्त्या उठविण्यात आल्या. १९४० मध्ये कुमरम भीम यांचा लढा व मृत्यू झाल्यानंतर निजाम सरकारला आदिवासींच्या असंतोषाची दखल घ्यावी लागली. मानवशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांनी या भागात अभ्यास करून १९४५ मध्ये आपले अहवाल ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. फिरत्या शेतीवरील बंदी व वस्त्यांचे निष्कासन यांमुळे कोलामांची झालेली परवड त्यांनी मांडली. ज्या जंगलात शेत आणि बांबू दोन्ही होते, ते जंगलच परके झाले.

स्वातंत्र्योत्तर काळात बांबूचा मोठा ग्राहक म्हणून कागद उद्योग पुढे आला. बल्लारपूर येथील कागद कारखान्याची कंपनी १९४५ मध्ये स्थापन झाली. उद्योगाला बांबू टनावारी दीर्घ मुदतीच्या करारांनी मिळू लागला, तर कारागिराला तो वनविभागाच्या आगारातून नगावर घ्यावा लागे. नोंदणीकृत बुरूड कुटुंबांना सवलतीच्या दराने ठरावीक संख्येत बांबू देण्याची तरतूद होती. तथापि आगारात पडून वाळलेला बांबू विणकामास फारसा उपयोगी नसतो. विणणाऱ्या स्त्रीला संख्येइतकीच ओलाव्याची आणि वयाची गरज असते, ही बाब पुरवठ्याच्या व्यवस्थेत बसत नव्हती.

याच सुमारास बाजारही बदलला. १९८० च्या दशकापासून कोरपना परिसरात सिमेंट उद्योग विस्तारला. प्लॅस्टिकच्या टोपल्या, लोखंडी घमेली व रिकामी पोती स्वस्तात उपलब्ध झाली. ढोलीची जागा पोत्याने आणि पाटीची जागा घमेल्याने घेतली. एकीकडे कच्चा माल दुर्मीळ व दुसरीकडे मागणी क्षीण, अशा कोंडीत विणकाम हे प्रामुख्याने वयस्क स्त्रियांचे काम होऊन बसले.

पुनरुज्जीवनाचे दोन मार्ग

एकविसाव्या शतकात या स्थितीत बदल घडविणारे दोन प्रवाह दिसतात. पहिला हक्कांचा. वनहक्क कायदा २००६ मध्ये संमत झाला व त्यात बांबूचा समावेश गौण वनोपजात स्पष्ट शब्दांत करण्यात आला. गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. देवाजी तोफा व मोहन हिराबाई हिरालाल यांच्या दीर्घ प्रयत्नांची ती फलश्रुती होती. तरीही बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेकडे येण्यास आणखी काळ लागला. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत तो अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टरवर असा हक्क मिळाला व तेथील ग्रामसभा बांबूचे व्यवस्थापन स्वतः पाहू लागली. २०१७ मध्ये वन अधिनियमात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरील बांबू वृक्षाच्या व्याख्येतून वगळण्यात आला. त्यामुळे शेताच्या बांधावर बांबू लावून तो तोडण्याचा मार्ग मोकळा झाला.

दुसरा प्रवाह प्रशिक्षणाचा. चंद्रपूरजवळील चिचपल्ली येथे २०१४ मध्ये बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन करण्याचा निर्णय शासनाने घेतला. २०२१ मध्ये आगीत केंद्राच्या इमारतीची मोठी हानी झाली. या प्रवाहातून जिल्ह्यातील अनेक स्त्रिया बांबूच्या राख्या, दिवे, दागिने व शोभेच्या वस्तू बनवू लागल्या. या वस्तूंना शहरी ग्राहक मिळाला आणि स्त्रीच्या कामाला प्रथमच तिच्या स्वतःच्या नावाने दाम मिळू लागला. ही उपलब्धी लहान नाही.

परंतु हे दोन प्रवाह पुरेसे एकत्र आलेले नाहीत. ग्रामसभांना बांबू मिळाला, तरी तो प्रामुख्याने अखंड स्वरूपात विकला जातो. विणून त्याचे मोल वाढविण्याचे काम मागे राहते. बुरूड स्त्रियांकडे पिढ्यान्‌पिढ्यांचे कौशल्य आहे, पण सामूहिक जंगल नाही. वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातीबाहेरील दावेदाराला १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. बाजाराच्या गावात राहणाऱ्या कारागीर कुटुंबाला हे जवळजवळ अशक्य होते. कोलामांसारख्या गटांसाठी याच कायद्याच्या कलम ३(१)(ङ) मध्ये अधिवासाच्या हक्काची तरतूद आहे. ती अर्थपूर्ण रीतीने अमलात आली तर शेत, देवस्थान व बांबूचे रान यांचा एकत्रित विचार होऊ शकेल.

उत्तर अमेरिकेतील एक तुलना

हा प्रश्न केवळ विदर्भाचा नाही. उत्तर अमेरिकेतील महासरोवरांच्या प्रदेशातील पोटावाटोमी या मूलनिवासी समाजातही टोपल्या विणण्याची परंपरा मुख्यतः स्त्रियांनी जपली आहे. तेथे ब्लॅक अ‍ॅश या वृक्षाचा ओंडका ठोकून त्याची वर्षवलये सुटी करतात व त्यांच्या पट्ट्या विणतात. १८३८ मध्ये या समाजातील शेकडो लोकांना सैन्याच्या पहाऱ्यात पश्चिमेकडे हाकलण्यात आले. मिशिगन-इंडियाना सीमेवर टिकून राहिलेल्या पोकागॉन गटाला संघीय मान्यता पुन्हा मिळण्यास १९९४ साल उजाडले. त्या मधल्या काळात टोपल्यांची विक्री हा उदरनिर्वाहाचा एक आधार होता व ओळखीचीही खूण होती. नव्या पिढीला ही कला शिकविण्याचे प्रयत्न चालू असतानाच २००२ मध्ये मिशिगनमध्ये अ‍ॅश वृक्ष पोखरणारा परदेशी भुंगेरा आढळला आणि झाडेच मरू लागली. तेथे वृक्ष नाहीसा होत आहे. येथे बांबू होता, पण कुलूपबंद होता. दोन्हीकडे निष्कर्ष एकच निघतो : विणीचे ज्ञान हे त्या वनस्पतीपासून वेगळे काढून जतन करता येत नाही.

समारोप

उपर्युक्त विवेचनावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. एक, कोरपना व लगतच्या परिसरातील बांबूकामाचा ऱ्हास हा कारागिरांच्या अनास्थेचा परिणाम नव्हे. १८७८ पासूनच्या वनव्यवस्थेने कारागीर व बांबू यांच्यात उभी केलेली भिंत आणि बदललेली बाजारपेठ यांचा तो एकत्रित परिणाम आहे. दोन, स्त्रियांना या कलेत केवळ प्रशिक्षणार्थी मानणे इतिहासाला धरून नाही. कोणता बांबू केव्हा तोडावा, कोणती कमची कोठे वापरावी, हे ज्ञान त्यांच्याकडे आधीपासून होते आणि प्रशिक्षणाच्या योजनांत त्या ज्ञानाला शिक्षकाचे स्थान मिळावयास हवे. तीन, राखी व शोभेच्या वस्तूंनी उत्पन्नाची नवी वाट दाखविली असली, तरी सूप व टोपलीची वीण जाणणाऱ्या पिढीनंतर ती वीण कोण पुढे नेणार, हा प्रश्न त्यामुळे सुटत नाही.

ग्रामसभेच्या बांबूतील काही भाग, योग्य वयाचा व ओला, स्थानिक विणकर स्त्रियांसाठी राखून ठेवणे ही फार खर्चाची बाब नाही. त्यासाठी जंगलाचा हक्क असलेले गाव आणि विणीचे कौशल्य असलेली वस्ती यांच्यात करार घडावा लागेल. पूर्वी कोलामाची टोपली व गोंडाचे धान्य यांच्यात असा व्यवहार होताच. त्याला आजच्या कायद्याच्या चौकटीत नवे रूप देणे, हे बांबूकामाच्या पुनरुज्जीवनाचे खरे कार्य ठरेल.