पटाशीचे भाडे कोणी ठरवायचे?

सुताराने बाजारातून पटाशी आणली, खुर्च्या केल्या, विकल्या. वर्षभराने दुकानदार म्हणाला, "यापुढे तुझी खुर्ची ज्या घरात जाईल, त्या प्रत्येक घरामागे मला वीस पैसे दे." आपल्याला हसू येईल. पण संगणकाच्या क्षेत्रात २०२३ साली असेच काहीसे घडू पाहत होते.

युनिटी ही संगणकावरचे खेळ तयार करण्याची आज्ञावली. तिचा जन्म डेन्मार्कमधला. २००५ साली ती बाजारात आली. चेंडू उसळणे, सावली पडणे, दोन वस्तूंची टक्कर होणे, हे सारे ती तयार देते. खेळ रचणाऱ्याने आपले नियम आणि चित्रे घालायची. त्यामुळे दोन-चार जणांच्या गटांनाही चांगले खेळ करता आले. मात्र आपण विकत घेतो तो फक्त वापरण्याचा परवाना. शिवाय पटाशी खुर्चीत उरत नाही. या आज्ञावलीचा काही भाग मात्र तयार खेळातही राहतो. वादाचे मूळ इथे आहे.

१२ सप्टेंबर २०२३ रोजी कंपनीने जाहीर केले, की १ जानेवारी २०२४ पासून खेळ कोणाच्याही यंत्रावर नव्याने बसवला गेला की आकार पडेल. साध्या परवान्याचा दर होता २० सेंट. बारा महिन्यांत २ लाख डॉलर मिळकत आणि एकूण २ लाख प्रती, या दोन्ही मर्यादा ओलांडल्यावरच तो लागू होणार होता. तरीही हिशेब करून पाहू. मर्यादा ओलांडलेला एखादा फुकट खेळ आणखी १० लाख यंत्रांवर गेला, तर देणे २ लाख डॉलर. असे खेळ बहुधा जाहिरातींवर चालतात. दर प्रतीमागे २० सेंटही मिळत नसतील, तर खेळ जितका लोकप्रिय तितका तोटा मोठा! आणि हा आकार आधीच प्रसिद्ध झालेल्या खेळांनाही होता.

वापरणारे संतापले, पण त्यांनी नेमक्या सूचनाही केल्या. जुन्या आवृत्तीला जुन्याच अटी असाव्यात. प्रती मोजण्याऐवजी मिळकतीचा हिस्सा घ्यावा. मोजदाद कशी होणार ते उघड असावे. दहाच दिवसांत, २२ सप्टेंबरला, कंपनीने माफी मागून अटी बदलल्या. साध्या परवान्यावरचा आकार गेला. इतरांसाठी तो २०२४ च्या आवृत्तीपासून पुढेच राहिला, आणि मिळकतीच्या २.५ टक्के ही त्याची कमाल मर्यादा ठरली. आकडे खेळ करणाऱ्यानेच कळवायचे होते. १२ सप्टेंबर २०२४ रोजी ही योजनाच रद्द झाली. मात्र २०२५ पासून वरच्या परवान्यांची वर्गणी ८ आणि २५ टक्क्यांनी वाढली.

दुसरी वाटही होती. अर्जेंटिनातील दोघा प्रोग्रामरांनी रचलेली गोदो ही आज्ञावली २०१४ पासून मुक्त परवान्याखाली मिळते. मूळ हक्कसूचना जपली की ती कोणीही वापरावी, बदलावी, तिच्यावर केलेला खेळ विकावा. हाती आलेल्या प्रतीवर मागाहून आकार बसत नाही. पण ती सांभाळण्याचा खर्च देणग्यांतून निघतो. 'टेरारिया' हा खेळ करणाऱ्या कंपनीने या वादाच्या काळातच तिला १ लाख डॉलर दिले.

मुलांना एखादी आज्ञावली शिकवताना आपण बटणे दाखवतो, परवाना मात्र न वाचताच मान्य करतो. आम्हांला वाटते, तो एकदा वर्गात वाचावा आणि तीन प्रश्न विचारावेत: अटी कोण बदलू शकतो? बदल जुन्या कामालाही लागतो का? आणि उद्या ही आज्ञावली सोडावी लागली, तर आपले केलेले काम आपल्या हाती राहील का?