अंगावरून पांढरं जाणं: योनीतले रक्षक जिवाणू काय करतात आणि साबणाने त्रास का वाढतो?

अंगावरून पांढरं जातंय, वास येतोय, असं लक्षात आलं की अनेक जणी आधी साबण किंवा 'इंटिमेट वॉश' हातात घेतात आणि आतपर्यंत धुतात. वास तेवढ्यापुरता जातो आणि परत येतो. कारण हा प्रश्न बहुतेक वेळा अस्वच्छतेचा नसतोच. तो योनीत राहणाऱ्या जिवाणूंचा तोल बिघडल्याचा असतो आणि आतून धुतल्याने तो आणखी बिघडतो.

1892 मध्ये जर्मन स्त्रीरोगतज्ज्ञ आल्बर्ट डोडरलाइन यांनी निरोगी योनीच्या स्रावात सापडणाऱ्या, आम्ल तयार करणाऱ्या काडीसारख्या जिवाणूंचं वर्णन केलं. आज त्यांना लॅक्टोबॅसिलस म्हणतात. दह्यातही याच कुळातले जिवाणू असतात, पण प्रजाती वेगळ्या. त्यामुळे योनीत दही लावण्याचे जे उपाय रील्समध्ये फिरतात, त्यांना पुरेसा शास्त्रीय आधार नाही.

हे जिवाणू करतात काय?

मुलगी वयात आली की इस्ट्रोजेनमुळे योनीच्या अस्तरातल्या पेशींत ग्लायकोजेन साठू लागतं. पेशी झडल्या की त्याचं विघटन होऊन साखर मिळते. लॅक्टोबॅसिलस त्यावर जगतात आणि लॅक्टिक आम्ल बाहेर टाकतात. त्यामुळे योनीचा पीएच साधारण 3.8 ते 4.5 राहतो, म्हणजे जवळपास टोमॅटोच्या रसाइतका. त्रासदायक जिवाणूंना एवढ्या आंबट जागेत वाढणं अवघड जातं. साध्या साबणाचा पीएच मात्र 9 ते 10 च्या घरात असतो. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी झालं की ही आम्लताही घटते. त्या वयात लघवीचा संसर्ग वारंवार होण्यामागे हे एक कारण आहे.

लॅक्टोबॅसिलस घटले आणि गार्डनेरेला व इतर जिवाणू माजले, तर त्या अवस्थेला 'बॅक्टेरियल व्हजायनोसिस' म्हणतात. स्राव पातळ आणि करडा-पांढरा होतो. माशासारखा वास येतो, विशेषतः शरीरसंबंधानंतर. अनेकींना मात्र कसलंच लक्षण जाणवत नाही. यामुळे एचआयव्हीसह इतर लैंगिक संसर्गांचा आणि गरोदरपणात वेळेआधी प्रसूती होण्याचा धोका वाढतो.

दह्याच्या गुठळ्यांसारखा स्राव आणि खाज असेल, तर ती बहुधा कँडिडा या बुरशीची लागण असते. कधीकधी घसादुखीसाठी घेतलेल्या अँटिबायोटिकनंतरही ती उद्भवते. दोन्हींची औषधं वेगळी आहेत. मेडिकलमधून अंदाजाने आणलेली बुरशीची क्रीम जिवाणूंवर चालत नाही आणि त्यात दिवस वाया जातात.

सगळ्याच निरोगी स्त्रियांच्या योनीत लॅक्टोबॅसिलसचंच राज्य असतं, असंही नाही. 2011 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात 396 स्त्रियांमध्ये जिवाणूंचे पाच प्रमुख गट आढळले. त्यातल्या एका गटात लॅक्टोबॅसिलस कमी होते, तरी कुणालाच लक्षणं नव्हती. म्हणून निव्वळ एखाद्या चाचणीच्या कागदावरून घाबरून औषधं घेण्यात अर्थ नाही.

तपासणी कुठे अडते?

डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीतल्या दोन गावांत 650 स्त्रियांची तपासणी केली. 1989 मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास आला. 92 टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोगाचा किंवा लैंगिक आजार होता. त्याआधी स्त्रीरोगाची तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. 'बाईच्या जातीला हे असायचंच' म्हणून सोडून दिलेल्या दुखण्यांची ही आकडेवारी जगासमोर ठेवली गेली, ती महाराष्ट्रातून.

तपासणी तशी साधी असते. डॉक्टर स्राव पाहतात, पीएच मोजतात, गरज पडली तर थेंबभर स्राव सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बॅक्टेरियल व्हजायनोसिसवर मेट्रोनिडॅझोल किंवा क्लिंडामायसिन देतात. रोजच्या स्वच्छतेसाठी बाहेरून साधं पाणी पुरतं. स्रावात रक्त, ताप किंवा ओटीपोटात दुखणं असेल, किंवा दिवस गेलेले असतील, तर डॉक्टरांकडे जायला उशीर करू नये.

खरी डोकेदुखी आहे ती आजार उलटण्याची. उपचारानंतर वर्षभरात निम्म्याहून जास्त जणींना तो पुन्हा होऊ शकतो आणि दोष पुन्हा त्यांच्या 'स्वच्छते'वर येतो. 2025 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 164 जोडप्यांवरच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. फक्त स्त्रीवर उपचार झाले त्या गटात 12 आठवड्यांत 63 टक्के जणींना आजार उलटला. पुरुष जोडीदारालाही गोळ्या आणि क्रीम दिली त्या गटात हे प्रमाण 35 टक्के होतं.