बेने इझ्राएल समाजातील धार्मिक बालशिक्षण

बेने इझ्राएल समाजातील धार्मिक बालशिक्षण : कोकण, मुंबई, ठाणे व पुणे येथील मराठी भाषिक ज्यू समाजाची मुलांना प्रार्थना, हिब्रू वाचन, सणवार व आहारनियम शिकविण्याची परंपरा. प्रारंभी ही परंपरा केवळ घरातील आचारावर उभी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून तिला सिनॅगॉगचा व पुढे शाळेचा आधार मिळाला. हिब्रू ही पठणाची व मराठी ही अर्थग्रहणाची भाषा, हे तिचे वैशिष्ट्य होय.

ज्यू धर्मात अपत्यांना धर्म शिकविणे हे पित्याचे कर्तव्य मानलेले आहे. ‘शेमा’ या मुख्य प्रार्थनेतच तशी आज्ञा अंतर्भूत आहे. इ. स. ७० मध्ये जेरूसलेमचे मंदिर नष्ट झाल्यावर यज्ञयागाची जागा प्रार्थना व ग्रंथवाचन यांनी घेतली आणि सिनॅगॉग हे उपासनेबरोबर अध्ययनाचेही केंद्र बनले. सहासात वर्षांच्या मुलांसाठी गावोगावी शिक्षक नेमण्याची प्रथा पहिल्या शतकातील प्रमुख पुरोहित जोशुआ बेन गमला याने घातली, असे तालमूद ग्रंथात म्हटले आहे. सामुदायिक प्रार्थनेस तेरा वर्षांवरील किमान दहा पुरुष उपस्थित असावे लागतात. त्यामुळे मुलांचे शिक्षण हा केवळ कौटुंबिक प्रश्न राहत नाही. सिनॅगॉग चालू राहणे वा बंद पडणे त्यावर अवलंबून असते. [⟶ ज्यू धर्म].

बेने इझ्राएलांच्या परंपरागत कथेनुसार त्यांचे पूर्वज अलिबागजवळील नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले. त्यांतून सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांचे धर्मग्रंथ समुद्रात बुडाले. या कथेतील काळाविषयी अभ्यासकांत एकमत नाही. कोकणात हा समाज तेल गाळण्याचा व्यवसाय करी व शनिवारी घाणा बंद ठेवी; म्हणून त्यास ‘शनवार तेली’ हे नाव पडले. हिब्रू भाषा विस्मृतीत गेली, तरी सुंता, शब्बाथचा विसावा, माशांविषयीचे नियम व ‘शेमा’चे आरंभीचे शब्द एवढे टिकून राहिले. सणांना मराठी नावे मिळाली : नव्याचा सण, खिरीचा सण, दारे लावून घरात राहण्याचा दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण इत्यादी. ग्रंथ व शिक्षक यांच्या अभावी मुलांचे धर्मशिक्षण स्वयंपाकघरात व माजघरात होत असे. कोणत्या दिवशी काय शिजवावयाचे, काय वर्ज्य करावयाचे व केव्हा उपवास धरावयाचा, हाच त्याचा अभ्यासक्रम होता. या पद्धतीत आचार टिकला. परंतु त्यामागील कथा व अर्थ बव्हंशी लुप्त झाले.

या स्थितीत बदल घडविण्याचे श्रेय परंपरेने डेव्हिड रहाबी यास दिले जाते. त्याने स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले व त्यांनी पर आणि खवले असलेले मासेच निवडलेले पाहून हे लोक ज्यू असल्याची खात्री करून घेतली, अशी आख्यायिका आहे. पुढे त्याने झिराडकर, राजपूरकर व शापूरकर या घराण्यांतील तिघांना हिब्रू वाचन व धर्मविधी शिकविले. त्यांना ‘काजी’ म्हणत आणि हे पद वंशपरंपरेने चाले. रहाबीचा काळ परंपरा बराच मागे नेते. अनेक अभ्यासक मात्र तो कोचीच्या रहाबी घराण्यातील अठराव्या शतकातील पुरुष असावा, असे मानतात. काजी गावोगाव फिरून सुंता, विवाह इ. विधी करीत व तंटे सोडवीत. त्यामुळे मुलांच्या नियमित अध्यापनास त्यातून फारसा वाव नव्हता.

नियमित अध्यापनासाठी स्थिर वास्तू आवश्यक होती. ईस्ट इंडिया कंपनीच्या सैन्यातील अधिकारी सॅम्युएल एझिकिएल (सामाजी हसाजी) दिवेकर यांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात बेने इझ्राएलांचे पहिले सिनॅगॉग उभारले. ते पुढे ‘शाआर हारहमीम’ (दयेचे द्वार) या नावाने ओळखले जाऊ लागले. त्यानंतर रेवदंडा (१८४२), अलिबाग (१८४८), पनवेल (१८४९), ठाणे (१८७९) इ. ठिकाणी सिनॅगॉगे झाली. समाजात त्यांना बोलीभाषेत ‘मशीद’ म्हणत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोचीहून आलेल्या ज्यू शिक्षकांनी व हज्जानांनी (प्रार्थनाप्रमुखांनी) येथे प्रार्थनेचा क्रम घालून दिला व मुलांना हिब्रू वाचन शिकविले. त्यांत शेलोमो सालेम शुर्राबी यांचे नाव विशेष आदराने घेतले जाते.

याच काळात हिब्रूच्या अभ्यासास अनपेक्षित दिशेनेही साहाय्य मिळाले. अमेरिकन मराठी मिशनच्या शाळांतून बेने इझ्राएल मुले मोठ्या संख्येने शिकत. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये या समाजासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण प्रसिद्ध केले. मिशनऱ्यांचा हेतू धर्मप्रसाराचा होता. परंतु त्यांनी दिलेल्या भाषाज्ञानाचा व मराठी ‘जुन्या करारा’चा उपयोग समाजाने स्वधर्माच्या पुनरभ्यासासाठी करून घेतला. धर्मांतर करणाऱ्यांची संख्या अत्यल्प राहिली.

यानंतर ग्रंथनिर्मिती समाजाच्या स्वतःच्या हाती आली. वल्हांडणाच्या सणात घरी वाचावयाची ‘हग्गादा’ ही संहिता मराठी भाषांतरासह मुंबईस १८४६ मध्ये शिळाप्रेसवर छापली गेली व १८७४ मध्ये तिची सचित्र आवृत्ती पुण्यात निघाली. या विधीत घरातील लहान मुलाने प्रश्न विचारावयाचे व वडिलांनी इजिप्तमधील दास्यमुक्तीची कथा सांगावयाची असते. ती कथा मुलास समजणे हाच विधीचा हेतू असल्याने भाषांतराचे महत्त्व लक्षात येते. जोसेफ एझिकिएल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी वीसपेक्षा अधिक हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. ते डेव्हिड ससून बेनेव्होलंट इन्स्टिट्यूशन या शाळेचे मुख्याध्यापक व मुंबई विद्यापीठात हिब्रूचे परीक्षक होते. सु. १८८० पासून बायबलमधील पुरुषांची चरित्रे मराठी कीर्तनातून सांगण्याचा प्रघात पडला. हिब्रू न जाणणाऱ्या स्त्रिया व मुले यांना धर्मकथांचे ज्ञान करून देण्याचे ते प्रभावी साधन ठरले.

शाळेच्या द्वारे धर्मशिक्षण देण्याचा प्रमुख प्रयत्न हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी केला. त्यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये मुंबईत ‘इझ्राएलाइट स्कूल’ सुरू झाले. तेथे सर्वसामान्य विषयांबरोबर हिब्रू व धर्म शिकविला जाई. लंडनच्या अँग्लो-ज्यूइश असोसिएशनचे साहाय्य तिला लाभले. पुढे सर एली कदूरी यांचे नाव तिला देण्यात आले. रिबेका रूबेन (१८८९–१९५७) या १९२२ ते १९५० या काळात तिच्या मुख्याध्यापिका होत्या.

सिनॅगॉगमधील शिक्षणाचा क्रम साधारणतः असा असतो : प्रथम हिब्रू मुळाक्षरे व स्वरचिन्हे, नंतर आशीर्वचने व ‘शेमा’ यांचे पाठांतर, पुढे प्रार्थनाग्रंथाचे वाचन. तोराची गुंडाळी स्वरचिन्हांवाचून लिहिलेली असते व ती ठराविक चालीवर वाचावी लागते. म्हणून मुलगा आपला पाठ छापील पुस्तकावरून तयार करून मग गुंडाळीकडे वळतो. तेराव्या वर्षी ‘बार मित्झ्वा’ विधीत तो सर्वांसमक्ष वाचन करतो व तेव्हापासून दहा जणांत गणला जातो.

हे शिक्षण समाजाच्या ओळखीशीही निगडित होते. हिब्रूच्या अज्ञानामुळे मुंबईतील काही बगदादी ज्यू बेने इझ्राएलांच्या ज्यूपणाविषयी शंका घेत. इझ्राएलमध्येही विवाहाच्या संदर्भात असा वाद उद्‌भवला. १९६४ मध्ये तेथील शासनाने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले.

इझ्राएलच्या स्थापनेनंतर (१९४८) झालेल्या स्थलांतराने या परंपरेचा पाया आकुंचित झाला. विसाव्या शतकाच्या मध्यास भारतातील ज्यूंची संख्या वीस हजारांहून अधिक होती. २०११ च्या जनगणनेत ती ४,६५० व महाराष्ट्रात २,४६६ भरली. शिक्षित तरुण कुटुंबे प्रथम गेल्याने शिकविणारे व शिकणारे दोन्ही एकाच वेळी घटले. कोकणातील अनेक सिनॅगॉगांत दहा पुरुष जमणे कठीण झाले. केहिमकरांच्या शाळेतील बहुसंख्य विद्यार्थी आता अन्यधर्मीय, मुख्यतः मुसलमान आहेत. मुंबई व ठाणे परिसरात ज्यू संस्था आजही मुलांसाठी हिब्रू व धर्म यांचे वर्ग चालवितात. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये ज्यू समाजास अल्पसंख्याक दर्जा दिला. मात्र धर्मशिक्षणाचे भवितव्य कायद्यापेक्षा मुलांच्या संख्येवर अधिक अवलंबून आहे. सिनॅगॉगांत पुरेशी मुले नाहीत, तेथे ग्रंथपूर्व काळाप्रमाणेच घरातील सणवार हेच पुन्हा या शिक्षणाचे मुख्य साधन ठरत आहे. फरक एवढाच, की त्या सणांचा अर्थ सांगणारे मराठी ग्रंथ आता उपलब्ध आहेत.