टप्पा वाहतूक परवाना

ठरलेल्या मार्गावर थांब्याथांब्याला प्रवासी घेणाऱ्या आणि प्रत्येकाकडून वेगळे भाडे आकारणाऱ्या बससाठी लागणारा सरकारी परवाना. मोटार वाहन अधिनियम १९८८ (अंमल १ जुलै १९८९) यानुसार चालक सोडून सहापेक्षा जास्त प्रवासी नेणारी अशी गाडी या वर्गात मोडते. गाडीची नोंदणी आणि योग्यता प्रमाणपत्र, म्हणजे बोलीतले ‘पासिंग’, ही निराळी बाब. पासिंग झाले म्हणून बस मार्गावर घालता येत नाही.

अर्ज गाडी जिथे चालवायची तिथल्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणाकडे करावा लागतो. पानिपतच्या तिसऱ्या लढाईचे (१४ जानेवारी १७६१) स्मारक असलेल्या काला अंबसाठी नवी बस काढायची, तर दार हरियाणाच्या परिवहन खात्याचे. तिथे राज्य परिवहनाबरोबर सहकारी संस्थांच्या आणि खासगी बसही धावतात, त्यामुळे राज्याच्या योजनेत तो मार्ग खुला आहे का, हे आधी पाहावे. मार्ग सनौलीवरून पुढे यमुनेपलीकडे कैरान्यापर्यंत न्यायचा असेल, तर गाडी उत्तर प्रदेशात शिरते आणि परवान्यावर त्या राज्याची प्रतिस्वाक्षरी लागते.

कलम ७० प्रमाणे अर्जात मार्ग, गाडीचा प्रकार व आसने, रोजच्या कमीत कमी आणि जास्तीत जास्त फेऱ्या, वेळापत्रक आणि राखीव गाड्यांची संख्या द्यायची असते. गाड्या रात्री कुठे उभ्या राहणार, दुरुस्ती कुठे होणार, प्रवाशांचे सामान कुठे ठेवणार, हेही विचारले जाते. खरी मेख वेळापत्रकात आहे. दोन थांब्यांमधला वेळ इतका कमी दाखवला, की वेगमर्यादा मोडल्याशिवाय बस पोचणारच नाही, तर प्राधिकरणाने परवाना नाकारलाच पाहिजे. मात्र त्याआधी वेळापत्रक सुधारायची संधी द्यावी लागते. कायद्यातले हे शहाणपण कागदावरच राहू नये. परवाना पाच वर्षांचा असतो; नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्यापूर्वी निदान १५ दिवस करायचा. नकार मिळाल्यास अपील करता येते.

१९३९च्या जुन्या कायद्यात आधीचे बसमालक नव्या अर्जावर हरकती घेत आणि प्रकरण लोंबकळत राही. १९८८च्या कायद्याने ही वाट बंद केली. मिथिलेश गर्ग खटल्यात (१९९१) सर्वोच्च न्यायालयानेही जुन्या मालकांचा तसा हक्क नाकारला. मात्र राज्याने सरकारी परिवहनासाठी राखलेल्या मार्गांना हे लागू नाही. पुणे–अहमदनगर मार्गावर १ जून १९४८ रोजी पहिली गाडी सोडणाऱ्या एसटीचा महाराष्ट्रातला जवळपास मक्ता याच तरतुदींवर उभा आहे. खासगी ट्रॅव्हल्स कंत्राटी परवान्यावर चालतात आणि एसटी पोचत नाही तिथे वडाप, म्हणजे जीपमधून होणारी बेकायदा प्रवासी वाहतूक, फोफावते.

काला अंबला खरी गर्दी १४ जानेवारीच्या शौर्य दिनाला होते. तेवढ्यापुरती बस सोडायची, तर बारमाही फेऱ्यांचा पाच वर्षांचा परवाना घेणे आतबट्ट्याचे. जत्रा-मेळे आणि तात्पुरत्या गरजेसाठी कलम ८७ खाली जास्तीत जास्त चार महिन्यांचा तात्पुरता परवाना मिळतो, तोच मागावा. महाराष्ट्रातून आपली माणसे घेऊन आलेल्या पर्यटन बसला पानिपत बसस्थानकावर उभे राहून सुटी तिकिटे फाडता येत नाहीत.