हिशेब कोणी मागायचा? पर्वतीपासून धाडपर्यंत



गावोगावच्या ग्रामसभांत एक प्रसंग हमखास घडतो. कुणीतरी उठून विचारतो, "त्या नालीच्या कामाला किती रुपये लागले?" उत्तराऐवजी समोरून उलटाच प्रश्न येतो, "तू घरपट्टी भरली का आधी?" विचारणारा गप खाली बसतो. चार लोक हसतात आणि पुढचा विषय सुरू होतो.

आज आपल्याला या उलट्या प्रश्नाचा इतिहास बघायचा आहे. वरवर तो योग्य वाटतो. जो पैसे देतो त्यानेच हिशेब मागावा, यात चूक काय? तत्त्वज्ञान शिकवणाऱ्यांना शब्दांशी भांडायची खोड असते, म्हणून आम्ही विचारतो की हिशेब मागण्याचा अधिकार नेमका येतो कुठून? पैसे दिल्यातून, की आणखी कशातून? गेल्या पावणेदोनशे वर्षांत आपल्याच मुलखात या प्रश्नाची तीन-चार वेगवेगळी उत्तरं दिली गेली आहेत.

सुरुवात वऱ्हाडापासूनच करू. धाड आज बुलढाणा जिल्ह्याच्या कडेला आहे. इथून जरा पुढे गेलं की जालना जिल्हा, म्हणजे मराठवाडा लागतो. एके काळी ही कड म्हणजे दोन राजवटींमधली सीमा होती. पलीकडे निजामाचा कारभार आणि अलीकडे, वऱ्हाडात, इंग्रजांचा. ही वाटणी झाली एका थकलेल्या हिशेबातून. इंग्रजांनी हैदराबादेत एक फौज ठेवली होती, 'कंटिंजंट' म्हणत तिला. तिचा खर्च निजामाने द्यायचा होता, आणि तो थकला. म्हणून १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांकडे लावून दिला. महसूल इंग्रजांनी गोळा करायचा, त्यातून फौजेचा खर्च भागवायचा, उरेल ते निजामाला द्यायचं आणि दर वर्षी जमाखर्च दाखवायचा, असं ठरलं.

सात वर्षांनी, १८६० मध्ये, दुसरा तह झाला. त्यात निजामाने कबूल केलं की झालेल्या, चालू आणि पुढच्या कुठल्याही वर्षाचा हिशेब आपण मागणार नाही. शिल्लक राहिली तर मिळेल, पण कारभारावर खर्च किती करायचा हे इंग्रज सरकारने आपल्या मर्जीने ठरवायचं. गंमत बघा, शिलकीवरचा हक्क कायम आणि हिशेबावरचा हक्क गेला. हिशेबाविना शिल्लक म्हणजे देणारा सांगेल तेवढीच. शेवटी १९०२ मध्ये वर्षाला पंचवीस लाख रुपये अशी ठोक रक्कम ठरली आणि वऱ्हाड कायमचा भाडेपट्ट्याने गेला.

या सगळ्यात सारा भरत होता तो वऱ्हाडातला कास्तकार. पण दोन्ही तहांत हिशेब मागण्याच्या हक्कावर त्याचं नाव कुठेच नाही. हक्क दोन सरकारांमधला होता आणि एका सरकारने तो सोडून दिला. पैसा कुणाचा, हा प्रश्नच कुणी विचारला नाही. तेव्हा पहिलं उत्तर असं की, करारात ज्याची सही त्याचा हिशेब.

दुसरं उत्तर मुंबईचं. १८६५ च्या कायद्याने मुंबईच्या म्युनिसिपल कमिशनरच्या हाती फार मोठे अधिकार आले होते. आर्थर क्रॉफर्ड त्या जागेवर होते. माणूस धडाडीचा होता. रस्ते, गटारं, बाजार, अशी कामं जोरात काढली. क्रॉफर्ड मार्केट तुम्ही ऐकलं असेल. पण खर्च उत्पन्नाच्या पुढे पळाला आणि शहर कर्जात गेलं. त्यांच्यावर देखरेख करायची होती ती जस्टिस ऑफ द पीस नावाच्या सरकारनियुक्त मंडळींनी, आणि ती काही धड झाली नाही. मग १८७१ मध्ये घरपट्टी भरणारे एकत्र आले, सभा झाल्या, अर्ज गेले.

त्या वेळी पंचविशीतल्या एका बॅरिस्टराने वेगळा सूर लावला. त्यांचं नाव फिरोजशहा मेहता. नुसतं कमिशनरच्या नावाने ओरडून भागणार नाही, कारभार चालवायला एक जबाबदार अधिकारी लागणारच; खरा दोष हा की त्याला जाब विचारायला लोकांनी निवडलेलं कुणी नाही, असा त्यांचा मुद्दा होता. माणूस बदलायचा की व्यवस्था, हा भेद त्यांनी नेमका पकडला. १८७२ च्या कायद्याने मुंबईला चौसष्ट सभासदांची कॉर्पोरेशन मिळाली. त्यांतले निम्मे करदात्यांनी निवडायचे ठरले.

आपल्याकडच्या नगरराज्यातलं हे फार मोठं पाऊल. पण एक बाजू अंधारातच राहिली. मत होतं ते ठरावीक रकमेचा कर भरणाऱ्याला. चाळीत भाड्याने राहणारा गिरणीकामगार या हिशेबाच्या बाहेर होता. त्याच्या भाड्यातूनच मालकाची घरपट्टी निघत होती, तरीही बाहेर. जो कर भरतो त्याचा हिशेब, हे झालं दुसरं उत्तर. ग्रामसभेतला तो उलटा प्रश्न याच जातकुळीतला आहे.

तिसरं उत्तर पुण्याचं, आणि ते वर्षभर आधीचं आहे. पर्वतीच्या देवस्थानाचा कारभार पंच बघत. त्यांच्या व्यवहाराबद्दल लोकांत कुरबुर होती. पण देवस्थानाच्या पंचांना हिशेब विचारायचा कुणी? पट्टी तर कुणी भरत नव्हतं. भाविक म्हणून विचारावं, तर एकट्यादुकट्याचं कोण ऐकतो? या अडचणीतून वाट काढली गणेश वासुदेव जोशी या वकिलाने. पुढे लोक त्यांना सार्वजनिक काका म्हणू लागले. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. सभासद व्हायचं तर किमान पन्नास जणांनी सही करून दिलेलं मुखत्यारपत्र आणायचं, असा तिचा नियम होता. पहिल्या खेपेला पंच्याण्णव सभासद झाले आणि त्यांच्या पाठीशी सहा हजारांच्या वर लोक होते.

इथे जरा थांबू. देशाच्या राजकारणात पुढे एवढं नाव झालेली ही संस्था उगवली ती एका देवस्थानाच्या कारभाराबद्दलच्या तक्रारीतून. न्यायमूर्ती रानडे पुण्यात येऊन तिच्याशी जोडले गेले, दुष्काळाच्या पाहण्या झाल्या, सरकारकडे अर्ज गेले, हे सगळं नंतरचं. मुळाशी होता तो हिशेबच. आणि अधिकार कुठून आला? पैशातून नाही, सह्यांतून. "मी विचारतो" याच्या जागी "या पन्नास जणांच्या वतीने विचारतो" आलं. एकट्याचं धाडस होतं तिथे लोकांचं काम उभं राहिलं.

त्याच पुण्यात १८७६ ते १८८२ या काळात महात्मा फुले नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाइसरॉयच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्च करायचा ठराव आला, तेव्हा त्याला विरोध करणारे ते एकटेच होते. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणावर खर्चावा, असं त्यांचं म्हणणं. ठराव मंजूर झाला तो झालाच. पण आकड्याची बेरीज बरोबर आली म्हणजे हिशेब पुरा होत नाही, हे त्या एका विरोधी मताने दाखवलं. पैसा कुणासाठी गेला, हेही हिशेबातच येतं.

आता शंभर वर्षं ओलांडून खेड्याकडे येऊ, कारण चौथं उत्तर तिथे तयार झालं. १९७२ चा दुष्काळ आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. खडी फोडणं, पाझर तलाव, रस्त्याची माती. वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यातल्या विसापूरला १९६५ मध्ये करून पाहिलेली कल्पना या दुष्काळात राज्यभर पसरली, आणि १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर बसवला होता. नोकरदाराच्या पगारातून तो आजही कापला जातो. कायद्याची रचना बघा. दादरच्या कारकुनाच्या पगारातून कर कापायचा आणि काम मिळणार बुलढाण्याच्या मजुराला.

मग हजेरीपटाचा हिशेब कुणी मागायचा? कर भरणाऱ्यानेच मागायचा म्हटलं, तर दादरच्या कारकुनाने इथल्या शिवारात येऊन माती मोजायची! तो येणार नाही. हजेरीपटावरचं नाव खरं की खोटं, बांध किती हात लांब झाला, हे शेजारी राहणाऱ्यालाच कळतं. माहिती ज्याच्यापाशी आहे त्यालाच अधिकार नसेल, तर हिशेब कुणीच घेणार नाही.

ही गोष्ट लख्ख करून दाखवली ती राजस्थानातल्या मजुरांनी. अरुणा रॉय, निखिल डे, शंकर सिंह आणि गावकरी यांनी १ मे १९९० ला मजदूर किसान शक्ती संघटन काढलं. डिसेंबर १९९४ मध्ये कोटकिराना गावी पहिली जनसुनवाई झाली. केलं काय? सरकारी कागद मिळवले आणि गावासमोर मोठ्याने वाचले. बस, एवढंच. ज्यांची नावं कागदावर होती ती माणसं समोर बसलेली. "मी त्या कामावर गेलेच नाही," असं एकेक जण उठून सांगू लागला. १९९६ मध्ये ब्यावरला चाळीस दिवस धरणं झालं. घोषणा होती, "हमारा पैसा, हमारा हिसाब". ही घोषणा देणाऱ्यांत आयकर भरणारे किती असतील? तरीही 'हमारा पैसा' म्हणायला ते कचरले नाहीत, आणि बरोबरच होतं. काडेपेटीवर, साबणावर, डिझेलवर कर गरिबातला गरीबही भरतो, फक्त त्याला पावती मिळत नाही.

इकडे अण्णा हजारे यांच्या आंदोलनाच्या रेट्याने महाराष्ट्राचा २००२ चा माहिती अधिकार कायदा आला, आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून देशभराचा. रोजगार हमीच्या केंद्रीय कायद्यात सामाजिक अंकेक्षण ग्रामसभेकडे दिलं गेलं.

म्हणजे चौथं उत्तर असं की, जो गावात राहतो त्याचा हिशेब. आणि हे नुसतं आमचं मत नाही, कायदाच तसा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम १९५८ प्रमाणे ग्रामसभा म्हणजे गावच्या मतदार यादीतले सगळे. आर्थिक वर्ष सुरू झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत पहिली ग्रामसभा घ्यायची, आणि तिच्यापुढे मागच्या वर्षाचा जमाखर्च, कारभाराचा अहवाल, लेखापरीक्षणातले आक्षेप आणि त्यांना दिलेली उत्तरं ठेवायची. पंचायतीचा सदस्य व्हायचं असेल तर करांची थकबाकी आड येते, हे खरं. पण ग्रामसभेत बसायला आणि विचारायला यादीत नाव लागतं, पावती लागत नाही. "घरपट्टी भरली का?" या प्रश्नाचं उत्तर एवढंच: "भरली नसेल तर वसूल करा, पण नालीचं सांगा." दोन वेगळी खाती आहेत, त्यांची वजाबाकी होत नाही.

आता शेवटचा भाग. अधिकार आहे, कायदा आहे, तरी प्रश्न विचारणारा खाली का बसतो? कारण तो एकटा असतो. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी माहिती अधिकारातून जमिनींचे व्यवहार उघड करत होते. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला गेले असताना त्यांचा खून झाला. एकट्या माणसाच्या हातात कागद असला की त्या माणसालाच गाठलं जातं. तोच कागद पन्नास जणांनी वाचलेला असला तर गाठणार कुणाला? सार्वजनिक काकांचा पन्नास सह्यांचा नियम आजही उपयोगाचा आहे तो इथे.

म्हणून धाडसारख्या मोठ्या, बाजारपेठेच्या गावात आम्हाला सुचतं ते असं. पाच-सात जणांनी गट करावा. त्यात एखादी बचतगटातली बाई असावीच, कारण बचतगटाची वही चालवणाऱ्या बाया रोकड वही आपल्यापेक्षा चांगली वाचतात. एक निवृत्त शिक्षक असावा, एक गवंडी असावा. गवंडी कशाला? सिमेंट किती लागलं असेल हे त्याला एका नजरेत कळतं. सगळ्या पक्षांचे लोक असावेत, नाहीतर गट म्हणजे पुढच्या निवडणुकीचं पॅनल होऊन बसेल, आणि मग विश्वास संपला.

वाचायचं काय? पंचायतीच्या नोंदवह्यांना नंबर असतात. नमुना १ अर्थसंकल्पाचा, नमुना ५ रोकड वहीचा, नमुना ८ कर आकारणीचा, नमुना ९ मागणीचा. सगळं एकदम मागू नये. वर्षातून एकच काम घ्यावं, समजा एक रस्ता. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका, बिल, आणि मग टेप घेऊन प्रत्यक्ष रस्ता. या चार गोष्टी शेजारी ठेवल्या की बरंचसं आपोआप बोलू लागतं. वित्त आयोगाचा पैसा थेट पंचायतीच्या खात्यावर येतो, त्याचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराजवर मोबाइलमध्येही दिसतो.

दोन पथ्यं मात्र पाळावीत. पहिलं, हिशेब मागणं म्हणजे आरोप करणं नव्हे. घरात भाऊ भावाला विचारतो, "बियाण्याचे किती झाले?" तेव्हा तो त्याला चोर म्हणत नसतो. शंका आणि आरोप यांत फरक आहे. शंकेला उत्तर मिळालं की ती संपायला हवी. हिशेब बरोबर निघाला तर तेही ग्रामसभेत उभं राहून, तितक्याच मोठ्याने सांगावं. सरपंच प्रामाणिक असेल तर त्याला दुसरा साक्षीदार नाही.

दुसरं पथ्य, मिळालेला कागद खिशात ठेवू नये. माहिती मागवायची, ती दाखवून कुणाकडून काही मिळवायचं आणि गप्प बसायचं, हा धंदा काहींनी केला, आणि त्यामुळे खऱ्या विचारणाऱ्यांकडेही लोक संशयाने बघू लागले. कोटकिरानाला कागद मोठ्याने वाचला, म्हणून त्याची किंमत. आपल्याकडेही तो चावडीवर वाचला जावा.

या मातीतल्या माणसांच्या हिशेबाचा हक्क एकदा त्यांना न विचारताच तहात सोडून दिला गेला. आता तसा तह करायला कुणी सरकार लागत नाही, ग्रामसभेला न जाऊन आपणच तो करतो. पुढची ग्रामसभा जेव्हा असेल तेव्हा जा, जमाखर्च वाचून दाखवा म्हणा, आणि शेजाऱ्याला सोबत घेऊन जा.

आता तुमचे प्रश्न घेऊ.